जाळीच्या कपाटातली दोन यंत्रं

आमच्या हॉलमधले किस्से बारदानासारखे आहेत. कुणी मुद्दाम आणून ठेवत नाही. एक पडतं, त्यावर दुसरं पडतं, आणि एक दिवस बघावं तर कोपरा भरलेला असतो. मी गोष्टी सांगणारा माणूस नाही. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात टोळीचा मुकादम होतो. तिथे बोलणं कमी, उचलणं जास्त. पण गेल्या दोन महिन्यांत हॉलमध्ये जे झालं ते मी लोकांना तुकड्यातुकड्याने सांगत आलो आणि प्रत्येक जण शेवटी एकच विचारतो, "मग आबा, कुठलं चांगलं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. चौथीपर्यंत शिकलोय. अक्षर चांगलं आहे.

हॉल म्हणजे कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. अकरा वर्षं त्याची किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी तीनला उघडतो, सहाला बंद करतो. आत एक टीव्ही, वीस खुर्च्या, एक जुना सोफा. बसणारे आम्ही तिघं. एक मी. दुसरे म्हात्रे, इथल्याच गावचे. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. ते सोफ्याच्या ज्या टोकाला बसतात ती जागा आपल्या बांधावर येते असं त्यांचं म्हणणं आहे. तिसऱ्या कदमबाई. शाळेत शिपाई होत्या, तीस वर्षं घंटा दिली. त्या पिशवी घेऊन येतात आणि भाजी निवडतात.

एक दिवस सेक्रेटरी देसाईंनी नोटीस लावली. "हॉलचा वापर फक्त तीन सभासद करतात. सबब वार्षिक सभेत हॉल ट्यूशन क्लासला देण्याचा विषय घेण्यात येईल."

मी देसाईंना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, "आबा, माझं वैर नाही. सभेपर्यंत हॉल भरून दाखवा, मी विषय मागे घेतो."

आमच्या तिघांच्याही घरात दुपारी बसायला जागा आहे. पण घरात जागा असणं वेगळं. इतकंच लिहितो.

*

हॉल भरायचा तर तरुण माणसं पाहिजेत. ए विंगमधला निलेश कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुपारी दुकान बंद असतं. तो म्हणाला, "सोप्पं आहे आबा. टीव्हीखाली माझा एक गेमिंग पीसी लावू. लोक रांग लावतील."

हे बी विंगमधल्या प्राजक्ताच्या कानावर गेलं. ती न्हावा शेवा बंदरात मालाचे कागद सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे कामाला आहे, सकाळची ड्यूटी असते. ती खाली आली. "पीसी? हॉलमध्ये? आबा, ते ऑफिसात ठेवायचं यंत्र आहे. टीव्हीखाली कन्सोल लावतात. माझा आहे, तो आणते."

मी म्हणालो, "दोन्ही आणा."

तर नाही. टीव्हीला दोन वायरी लागतात, पण माणसांचं मन एकालाच लागतं म्हणे. ए विंग म्हणाली, कन्सोल राहणार असेल तर आम्ही येणार नाही. बी विंग म्हणाली, पीसी राहणार असेल तर आम्ही येणार नाही. म्हणजे काहीही ठेवा, हॉल अर्धाच.

शेवटी ठरलं की दोन्ही यंत्रं सभेपर्यंत आलटून पालटून चालवायची आणि सभेत एका माणसाने निर्णय द्यायचा. तो सगळ्यांनी मानायचा. माझं नाव निघालं. मला वाटलं, माझ्या शब्दाला मान आहे.

निलेश म्हणाला, "आबाच पाहिजेत. त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही."

प्राजक्ता म्हणाली, "हो, तेच तर."

दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

*

दोन्ही यंत्रं आली. मी पहिलं काम माझ्या पद्धतीने केलं. दोन्ही उचलून पाहिली. मार्केटात पोत्याला हात घातला की मी वजन सांगायचो, काट्यावर फरक निघाला तर शंभर-दोनशे ग्रॅमचा.

"पीसी साडेअकरा किलो," मी म्हणालो. "कन्सोल चार."

निलेशने घरून वजनकाटा आणला. अकरा किलो सहाशे. मी म्हणालो, "ज्यात माल जास्त ते जड. पीसी पुढे आहे."

प्राजक्ता म्हणाली, "मग आबा, फ्रीज लावू या का टीव्हीला?"

म्हात्रे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. वजनाचा विषय मी सोडून दिला.

मग मी दोघांना समोर बसवलं आणि सरळ विचारलं, फरक काय ते सांगा. निलेश म्हणाला, "कन्सोल फक्त गेमसाठी असतो. पीसीवर गेम होतात, सोसायटीच्या नोटिसा टाइप होतात, फोटो बघता येतात. जुना झाला की आतला एक पार्ट बदलायचा. कन्सोल जुना झाला की सगळाच बदलायचा."

प्राजक्ता म्हणाली, "पण सोफ्यावर बसून नोटीस कोण टाइप करतं? बटण दाबलं की खेळ सुरू झाला पाहिजे. आणि आतून बघाल तर कन्सोल म्हणजे छोटा पीसीच आहे."

"म्हणजे आत तेच आहे?"

"जवळजवळ तेच," निलेश म्हणाला.

"मग भांडण कसलं?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून आलोय. समजल्यासारखी मान हलवली. मुकादमाला ते जमावं लागतं.

*

पहिली पाळी पीसीची. ए विंगचे सगळे आले. बी विंगचे चार जण फक्त बघायला म्हणून आले. कॉलेजची पोरंपोरी, शिफ्टवरून आलेले, दोन जावई. अकरा वर्षांत पहिल्यांदा खुर्च्या भरल्या. देसाई दारातून डोकावून गेले.

निलेशने बटण दाबलं. पडद्यावर एक चाक फिरायला लागलं. खाली लिहिलं होतं की काम चालू आहे, यंत्र बंद करू नका.

"दोन मिनिटं," निलेश म्हणाला. "अपडेट आलाय."

चाक फिरत राहिलं. वीस मिनिटं झाली. म्हात्रे पुढे सरकून एकटक बघत होते. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आबा, यो खेल बरा हाय. पन यान जिकाचा कसा?"

मी म्हणालो, "बघत राहा." मलाही माहीत नव्हतं.

चाक थांबलं तर दुसरी पंचाईत. निलेशने कीबोर्ड मांडीवर घेतला आणि माऊस सोफ्यावर. सोफ्याचं कापड मऊ. माऊस रुतायला लागला. पडद्यावरचा बाण एका जागी थरथरत उभा. निलेशने वही ठेवून पाहिली, ती घसरली. पेपर ठेवून पाहिला, तो दुमडला. बी विंगवाले खोकायला लागले.

कदमबाई उठल्या, घरी गेल्या आणि पोळपाट घेऊन आल्या. निलेशच्या शेजारी सोफ्यावर ठेवला. माऊस त्यावर लोण्यासारखा फिरायला लागला. त्या दिवशी निलेशने सगळ्यांना हरवलं.

प्राजक्ता जाताना म्हणाली, "आबा, निकालात लिहा. पीसी उत्तम, सोबत पोळपाट लागतो."

निलेशच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने पीसीला प्राजक्ताच्या कन्सोलचे असतात अगदी तसेच हातात धरायचे, बिनवायरचे काळे कंट्रोलर आणून जोडले. कीबोर्ड दिसणार नाही असा ठेवला. पोळपाट मात्र कदमबाईंनी परत नेला नाही. म्हणाल्या, असू दे, लागेल.

*

मग पाळी कन्सोलची. प्राजक्ताने बटण दाबलं आणि खरंच, मी चष्मा लावेपर्यंत पडदा तयार. बी विंगने टाळ्या वाजवल्या. निलेश छताकडे बघत होता.

सगळ्यांना क्रिकेटचा खेळ हवा होता. पडद्यावर त्याचं चित्र होतं. प्राजक्ताने दाबलं. पाटी आली, चकती घाला.

प्राजक्ताने कपाळावर हात मारला. चकती तिच्या मावसबहिणीकडे होती, पनवेलला.

मी म्हणालो, "खेळ यंत्रात नाही का?"

"आहे ना आबा. सगळा आत आहे."

"मग चकती कशाला?"

"खेळ माझ्या मालकीचा आहे हे त्याला दाखवायला."

"यंत्र तुझं. खेळ आत. मालकीण समोर उभी. आणि ते तुला ओळखत नाही?"

ती म्हणाली, "आबा, पोर्टात कसं, कंटेनर आत उभा असतो, सगळ्यांना दिसतो. पण कागद आल्याशिवाय हलत नाही. तसं."

हे मला समजलं. दोन महिन्यांत नीट समजलेली ती एकच गोष्ट. मार्केटातही गेटपास नसला की भरलेली गाडी उभी राहायची. मी म्हणालो, "जा, पनवेलहून कागद घेऊन ये."

ती स्कूटर काढून गेली. ती येईपर्यंत निम्मी मंडळी उठून गेली होती. निलेश म्हणाला, "माझ्याकडे चकतीच नाही. सगळं नेटवरून. काही हरवायचा प्रश्नच नाही."

परत आलेली प्राजक्ता दारातच होती. तिने ते ऐकलं. "माझा खेळून झाला की मी चकती बहिणीला देते. तू तुझा कुणाला देऊन दाखव."

चकती असणं चांगलं की नसणं चांगलं, याचा निकाल मला आजपर्यंत लावता आलेला नाही.

*

कदमबाईंना धूळ खपत नाही. पीसीच्या पाठीला बारीक भोकं आहेत आणि त्यातून धूळ आत जाईल म्हणून त्यांनी त्यावर जाड टॉवेल घातला. वर पोळपाट ठेवला, टॉवेल उडू नये म्हणून.

खेळ सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत हॉलमध्ये घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग मोठी. म्हात्रे उठले आणि बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परत आले.

"कुठे गेला होतात?"

"टाकीचा पंप बंद करून आयलो. पन आवाज हाय तसाच."

बिल्डिंगचं पाणी त्यांनी बंद केलं होतं. वरून तीन बायका खाली आल्या. तोवर निलेशने टॉवेल काढला. पीसीवर पापड ठेवला असता तर भाजला असता. त्याला आतून गरम होतं आणि गरम झालं की त्याचे पंखे जोरात फिरतात, असं कळलं.

प्राजक्ता म्हणाली, "माझा आवाज करत नाही."

कदमबाईंनी लगेच तोच टॉवेल तिच्या कन्सोलवर घातला. अर्ध्या तासाने तोही घुरघुरायला लागला.

तेव्हा त्यांनी आपलं जुनं जाळीचं कपाट हॉलला दिलं. दूध-भाजी ठेवायचं असतं तसं. दोन्ही बाजूंना जाळी, पुढे लाकडी दार. वारा खेळतो आणि धूळ बसत नाही. दोन्ही यंत्रं त्यात बसवली, वायरी मागून काढल्या. दार लावलं की समोरून काही दिसत नाही. तोवर दोघं रोज संध्याकाळी आपापलं यंत्र घरी न्यायचे, आता ती रात्रीही हॉलमध्येच राहायला लागली. कपाटाला मी कुलूप घातलं. कुलूप कुणी मागितलं नव्हतं. पण उघडं कपाट मला बघवत नाही.

*

इथपर्यंत बरं चाललं होतं. सभेला दोन आठवडे राहिले आणि दोन्ही यंत्रं आजारी पडली.

रोज दुपारी निलेश पीसी लावायचा आणि पडद्यावर पाटी यायची, दुरुस्ती चालू आहे. कधी दुरुस्ती व्हायची, कधी पुन्हा पहिल्यापासून. एक दिवस तर खेळच पुसला गेला. प्राजक्ताचा कन्सोल लावला की तो आधी रागवायचा, मला नीट बंद केलं नाही म्हणून. मग बराच वेळ स्वतःला तपासत बसायचा.

मंडळी कंटाळली. खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. ए विंग म्हणाली, बी विंगने काहीतरी केलं. बी विंग म्हणाली, दुकानात यंत्रं कोण उघडतं ते सगळ्यांना माहीत आहे. निलेश आणि प्राजक्ता लिफ्टमध्ये एकत्र जाईनात. देसाई एका दुपारी आले, पाच माणसं मोजली आणि गेले.

मी चौकशी घेतली. मार्केटात माल फुटला की घ्यायचो तशी. सगळ्यांना रांगेत बसवलं. "काल सहानंतर हॉलमध्ये कोण आलं होतं?"

कुणी नाही.

"परवा?"

कुणी नाही.

"मग यंत्रं काय आपोआप बिघडतात? यातला जो कुणी असेल त्याने आज सांगावं. उद्या मी शोधला तर हॉलची पायरी चढू देणार नाही."

सहा वाजले. सगळे गेले. मी रोजच्यासारखी खिडक्या लावल्या, मेन स्विच पाडला, कुलूप घातलं. म्हात्रे रोज माझ्यासाठी थांबतात. आम्ही नाक्यापर्यंत चालत जातो. त्या दिवशी ते जरा हळूच चालत होते.

"आबा," ते म्हणाले, "चावी कोनाकडं हाय?"

"माझ्याकडे."

"आन मेन स्विच कोन पारतो?"

मी चालत राहिलो. वीसेक पावलं गेलो असेन.

गोदामाचं शेवटचं काम मेन स्विच. चाळीस वर्षांची सवय आहे. शेवटच्या माणसाने तो पाडल्याशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. मला काय ठाऊक की ही यंत्रं माणसं गेल्यावर काम करतात. पीसी अपडेट उतरवत बसतो. कन्सोलला प्राजक्ता बंद करत नाही, झोपवून ठेवते. आमच्या टोळीत मुकादम गेल्यावर कुणी काडी हलवली नव्हती.

म्हात्रे म्हणाले, "लोकांपुढं बोललो नाय. बरा नाय दिसला असता."

दुसऱ्या दिवशी तीनला मी दोन्ही विंगांना उभं केलं. "यंत्रं मी बिघडवली. रोज मेन स्विच पाडत होतो. काल मी जे बोललो ते मलाच लागू आहे. पायरी चढायची की नाही ते तुम्ही ठरवा."

प्राजक्ता म्हणाली, "आबा, किल्ली तुमच्याकडे. तुम्ही पायरी चढला नाहीत तर आम्ही आत कसे येणार?"

त्या दिवसापासून नवी पद्धत पडली. पावणेसहाला दोघं यंत्रं बंद करतात आणि माझ्यासमोर येऊन सांगतात. "आबा, पीसी बंद." "आबा, कन्सोल बंद." मग मी स्विचला हात लावतो.

दोघं पुन्हा एकाच लिफ्टने जायला लागले.

*

कदमबाई खेळायला कधी लागल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस निलेशचा जोडीदार आला नाही म्हणून त्याने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. पालकाची जुडी त्यांनी बाजूला ठेवली. पहिल्याच षटकात चार चौकार.

निलेश घामाघूम. "मावशी, कुठलं बटण दाबता तुम्ही?"

"हे," त्या म्हणाल्या. "बाकीची कशाला आहेत?"

त्याने पंधरा मिनिटं समजावलं. ह्याने फटका उंच जातो, ह्याने पाय पुढे येतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच बटण दाबलं. बॉल बाहेर.

"शाळेतही एकच घंटा होती," त्या म्हणाल्या. "वेळेवर वाजवायची."

दोन्ही यंत्रं चालू-बंद करायला आणि टीव्हीच्या रिमोटने पडद्यावर कधी हे, कधी ते आणायला त्या आठवड्यात शिकल्या. मी अजून शिकलो नाही. पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

*

सभा रविवारी पाच वाजता, हॉलमध्येच. आदल्या दिवसापर्यंत माझा निर्णय झाला नव्हता. मी दोन महिने पाहिलं होतं. एकाला पोळपाट लागला, एकाला चकती. तापतात दोन्ही. रुसतात दोन्ही. एक म्हणतो माझ्यात सगळं होतं, दुसरी म्हणते माझं पटकन होतं. चालू झाल्यावर मला पडद्यावर एकच क्रिकेट दिसतं. आणि चुकीचं नाव घेतलं तर अर्धा हॉल उठून जाणार, आणि देसाई विषय मांडणार.

तेव्हा मला थप्पीची गोष्ट आठवली. मार्केटात दोन गडी आपापल्या पोत्यांच्या थप्पीची बढाई मारायला लागले की मी दोघांना बाहेर काढायचो. थोड्या वेळाने आत बोलावून विचारायचो, यातली तुझी कुठली? बहुतेक वेळा चुकायचे. मग आठवडाभर शांतता असायची.

मी कपाटाची किल्ली कदमबाईंना दिली. "सभेआधी यातलं एक लावून ठेवा. क्रिकेट सुरू करा. कुठलं ते मलासुद्धा सांगू नका."

पाचला हॉल भरला. खुर्च्या पुरल्या नाहीत, मागे माणसं उभी. कपाट बंद, किल्ली पुन्हा माझ्या कमरेला. देसाईंनी विषय वाचायला कागद काढला.

मी उभा राहिलो. "आधी माझं काम. निलेश, दोन ओव्हर खेळ."

कदमबाईंनी पिशवीतून कंट्रोलर काढून त्याला दिला. तो खेळला. मी विचारलं, "कपाटात काय चालू आहे?"

"पीसी," तो लगेच म्हणाला. "पंख्याचा आवाज येतोय ना. आणि हालचाल बघा, किती मऊ."

"प्राजक्ता, आता तू."

कदमबाईंनी तिला दुसरा कंट्रोलर दिला. ती खेळली.

"कन्सोल," ती म्हणाली. "शंभर टक्के. हातालाच कळतं."

"अगं, पीसी आहे."

"अरे, डोळे तपासून घे."

दोन्ही विंगांचा गलका सुरू झाला. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आणि मजा अशी की ए विंगमधले तिघं कन्सोल म्हणत होते.

देसाई म्हणाले, "थांबा, थांबा. तटस्थ माणसाने खेळून बघायला पाहिजे." आणि हातातला कागद खुर्चीवर ठेवला. "कदमबाई, मला द्या तो. काय दाबायचं असतं?"

"हे," कदमबाई म्हणाल्या. "वेळेवर."

देसाई पहिल्या बॉलला आउट झाले. म्हणाले, हा धरायचा नाही. दुसऱ्यांदा आउट झाले. म्हणाले, आवाजाने लक्ष जातं. लोक गप्प बसले. मग त्यांचा एक चौकार गेला आणि त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि खुर्ची पुढे ओढली. विषयाचा कागद त्या खुर्चीवरच होता, ते त्यावरच बसले होते.

कुणीतरी मागून म्हणालं, "साहेब, सभा?"

"चालूच आहे," देसाई म्हणाले.

सहा वाजले. मी उठलो. खिडक्या लावल्या. मेन स्विचपाशी गेलो. पावणेसहाला मला कुणी येऊन सांगितलं नव्हतं, पीसी बंद, कन्सोल बंद. तरी हात सवयीने वर गेला.

देसाईंनी मान वळवली नाही. "आबा, हात लावू नका. दोन ओव्हर राहिल्यात."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी हात खाली घेतला.

म्हात्रे माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, "आबा, आता तरी सांग. चालू कंचा हाय?"

मी कपाटाजवळ गेलो. कमरेची किल्ली काढली, दार थोडं उघडलं आणि आत पाहिलं. दोन्ही यंत्रांचे दिवे लागलेले होते.

मी कदमबाईंकडे पाहिलं. त्यांनी मांडीवरचा टीव्हीचा रिमोट पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

मी दार लावलं. कुलूप घातलं.

"कंचा रं?" म्हात्रेंनी पुन्हा विचारलं.

मी म्हणालो, "चाललाय तो."